अभ्यास, सायास आणि विसावा : तुकोबांच्या दोन अभंगांचा फुटबॉलच्या सरावाच्या दृष्टीने विचार

१

देहू येथील गाथा मंदिराच्या भिंतींवर तुकोबांचे अभंग कोरलेले आहेत. त्यांपैकी एका लहानशा अभंगाचा शेवटचा चरण मंदिराबाहेर फार दूरवर गेला आहे. असाध्य वाटणारी गोष्ट सायासाने साध्य होते आणि त्याचे कारण अभ्यास होय, असा त्याचा आशय. शाळेच्या फळ्यावर, व्यायामशाळेच्या भिंतीवर, स्पर्धेच्या निमंत्रणपत्रिकेवर आणि क्रीडाशिक्षकांच्या भाषणात तो सतत भेटतो. मराठी मुलाला मैदानावर मिळणारे पहिले तत्त्वज्ञान बहुधा हेच असते. एखाद्या वचनाचा असा प्रसार होणे हे त्याच्या सामर्थ्याचे लक्षण खरे. परंतु प्रसाराबरोबर वचनाचा संदर्भ गळून पडतो आणि उरलेल्या शब्दांवर वापरणाऱ्याचा हेतू स्वार होतो, हेही तितकेच खरे. या चरणाच्या बाबतीत तसेच घडले आहे. ‘सायास’ हा शब्द जाड अक्षरात वाचला जातो, ‘अभ्यास’ हा त्याचा केवळ पर्याय मानला जातो, आणि जितके कष्ट अधिक तितके यश अधिक असे सरळ त्रैराशिक मांडले जाते.

हे त्रैराशिक निरुपद्रवी असते तर त्याची चिकित्सा करण्याचे प्रयोजन नव्हते. परंतु देहू, देहूरोड, तळेगाव, चाकण आणि पिंपरी-चिंचवड या पट्ट्यात फुटबॉल खेळणारी मुले आज याच वचनाच्या छायेत वाढत आहेत. सकाळी शाळेपूर्वी धावणे, सायंकाळी सराव, रविवारी सामना आणि दुखणाऱ्या गुडघ्यावर पट्टी बांधून पुन्हा सोमवारी धावणे, या क्रमाला ‘अभ्यास’ असे नाव मिळाले की त्याविषयी प्रश्न विचारणे हा आळस ठरतो. म्हणून तुकोबांच्या शब्दांत ‘अभ्यास’ म्हणजे नेमके काय आहे, आणि आधुनिक शरीरशास्त्राने खेळाडूच्या सरावाविषयी व विश्रांतीविषयी जे सिद्ध केले आहे त्याच्याशी त्या अर्थाचा मेळ कोठे बसतो व कोठे बसत नाही, हे पाहणे अगत्याचे आहे.

२

गाथेत अभ्यासाचा महिमा सांगणारे दोन अभंग विशेष प्रसिद्ध आहेत. एकात बचनागाचा आणि भुजंगाचा दृष्टान्त आहे. दुसऱ्यात खडक भेदणाऱ्या ओल्या मुळाचा, चिरा कापणाऱ्या दोराचा, पचनी पडणाऱ्या विषाचा आणि मातेच्या उदरातील बाळाचा. १८६९ ते १८७३ या काळात इंदुप्रकाश छापखान्यातून निघालेल्या आणि पुढे १९५० मध्ये मुंबई सरकारने पुन्हा प्रसिद्ध केलेल्या गाथेमुळे हे अभंग सुशिक्षित वाचकांच्या हाती आले. वारकऱ्यांच्या मुखी ते त्यापूर्वीही होतेच.

प्रथम बचनागाचा अभंग घेऊ. बचनाग हे तीव्र विष. ते साधलेली माणसे तोळ्याच्या मापाने खातात. इतरांना ते नुसते पाहणेही सोसत नाही. साप साधलेली माणसे तो हातात धरतात. इतरांचा त्याला पाहूनच थरकाप होतो. दोन्ही ठिकाणी वाक्याच्या आरंभी येणारे ‘साधून’ हे पूर्वकालवाचक धातुसाधित आहे. आधी साधणे घडते, मग खाणे किंवा धरणे शक्य होते. तोळाभर बचनाग खाणे हा अभ्यास नव्हे. ते अभ्यासाचे फळ आहे. व्याकरणाचा हा बारकावा सुटला की अभंगाचा अर्थ उलटा होतो. पहिल्या दिवशी तोळा खाणारा मनुष्य अभ्यासी नसतो. तो सायंकाळपर्यंत जिवंतही राहत नाही. मैदानावर मात्र नेमके हेच होताना दिसते. नामांकित खेळाडू दिवसातून किती तास घाम गाळतो याचे वर्णन वाचून तेवढाच भार चौदा वर्षांच्या मुलावर पहिल्या महिन्यात टाकला जातो. फळालाच बी समजण्याचा हा प्रकार होय.

दुसरा अभंग अधिक सूक्ष्म आहे. त्यातील चारही दृष्टान्तांत काळ हे समान द्रव्य आहे. मूळ खडकात एका रात्रीत शिरत नाही. विहिरीच्या काठावरील चिऱ्याला दोराची खाच पडावयास वर्षे लागतात. विष अंगवळणी पडते ते मात्रेने. उदरातील बाळाला एकाएकी बसावयास वाव कोठून मिळणार, असा शेवटच्या चरणाचा प्रश्नार्थ घेतल्यास त्याचे उत्तर स्पष्ट आहे : तो एकाएकी मिळत नाही, महिन्यामहिन्याने होतो. वाढणारा भार आणि त्याला सामावून घेण्यासाठी वाढणारे शरीर यांचे याहून नेमके चित्र मराठीत क्वचितच सापडेल. बाळ वाढते म्हणून उदर वाढते, आणि उदर वाढते म्हणून बाळाला वाढता येते. यांपैकी एकाने दुसऱ्याला मागे टाकले तर अनर्थ होतो.

यावर कोणी असा आक्षेप घेईल की तुकोबांचा अभ्यास हा परमार्थाचा अभ्यास आहे. त्यात शरीरशास्त्र शोधणे म्हणजे संतवचनावर आपली मते लादणे होय. आक्षेप रास्त आहे. सतराव्या शतकातील संताला स्नायू व पेशी यांचे आधुनिक ज्ञान होते असे म्हणणे हास्यास्पद ठरेल. परंतु येथे दावा तो नाही. दृष्टान्त हे लोकांच्या अनुभवातून उचललेले असतात. वैदू, गारुडी, शेतकरी, पाणक्या आणि गर्भवती स्त्री यांच्या अनुभवातून सवयीविषयीचे जे शहाणपण साठले होते ते तुकोबांनी नेमक्या शब्दांत बांधले. वचन जर मैदानावर लावावयाचेच असेल, तर त्याच्या चौकटीसह लावावे, एवढाच येथील आग्रह आहे.

३

हे शहाणपण लोकानुभवापुरतेच नव्हते. आयुर्वेदात एखादा पदार्थ किंवा आचार निरंतर सेवनाने अंगाला मानवणे यास ‘सात्म्य’ म्हणतात, आणि अहितकर सवय सोडताना व हितकर सवय लावताना ती पावापावाने, म्हणजे चतुर्थांशाच्या क्रमाने, बदलावी असा वाग्भटाचा उपदेश आहे. व्यायामाविषयी तर त्याची भूमिका आणखी स्पष्ट आहे. बलवान व स्निग्ध आहार घेणाऱ्या माणसानेही, थंडीच्या व वसंताच्या दिवसांत, अर्ध्या शक्तीपर्यंतच व्यायाम करावा. इतर काळी त्याहूनही कमी. सुश्रुतानेही अर्धशक्तीची मर्यादा सांगून अतिव्यायामाने तहान, क्षय, श्वास, ज्वर इत्यादी विकार होतात असे बजावले आहे. अतिव्यायाम करणारा मनुष्य हत्तीला ओढू पाहणाऱ्या सिंहासारखा नाश पावतो, ही वाग्भटाची उपमा प्रसिद्धच आहे.

अर्धशक्तीचा हा नियम स्पर्धेत उतरणाऱ्या खेळाडूला जसाच्या तसा लागू करता येणार नाही. तो आरोग्य राखू इच्छिणाऱ्या गृहस्थासाठी आहे. खेळाडूला मात्र काही वेळा आपल्या शक्तीच्या सीमेपर्यंत जावेच लागते. तरीही व्यायामाला मात्रा असते, आणि मात्रा चुकली तर औषधाचेच विष होते, हा विचार या मातीला परका नाही. तालमीतही जोर-बैठकांची मेहनत, खुराक, मालीश आणि आराम ही एकाच दिनक्रमाची अंगे मानली जात. जाणता वस्ताद पठ्ठ्याची मेहनत हळूहळू चढवीत नेई आणि त्याच्या झोपेवरही नजर ठेवी. तेव्हा ‘कष्ट, आणखी कष्ट’ हा मंत्र परंपरेचा आहे असे समजणे ही परंपरेविषयीची अनभिज्ञता होय.

४

आता आधुनिक ज्ञानाकडे वळू. १९३६ मध्ये हान्स सेल्ये यांनी प्राण्यांवरील प्रयोगांवरून असे दाखविले की, निरनिराळ्या प्रकारच्या आघातांना शरीर एका सामान्य क्रमाने उत्तर देते : प्रथम धोक्याची सूचना, मग प्रतिकार, आणि आघात चालूच राहिला तर शेवटी थकून ढासळणे. सरावशास्त्राने या विचाराचा पुढे बराच उपयोग करून घेतला. सराव हा एक आघात आहे. त्याने शरीर प्रथम दुबळे होते. सराव संपताक्षणी खेळाडू सरावापूर्वी होता त्याहून अशक्त असतो. त्यानंतरच्या विश्रांतीत झीज भरून निघते, आणि आहार व झोप पुरेशी असेल तर भरपाई मूळ पातळीच्या किंचित वर जाते. या किंचित वाढीवर पुढचा सराव रचावयाचा असतो. वाढ होण्यापूर्वीच दुसरा आघात केला तर पायरी चढण्याऐवजी उतरली जाते. थोडक्यात, खेळाडू सरावाने बलवान होत नाही. सरावानंतरच्या विश्रांतीत बलवान होतो. सराव ही मागणी आहे, विश्रांती हा पुरवठा.

१९३० नंतरच्या दशकात जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे गेर्श्लर आणि राइंडेल यांनी तुकड्यातुकड्यांनी धावण्याची जी पद्धत घडविली, तिचे ‘इंटरव्हल’ हे नावच मुळी दोन धावांमधील मोकळ्या अवधीवरून पडले आहे. त्या अवधीतच हृदयावर इष्ट परिणाम होतो अशी त्यांची धारणा होती. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये पाच हजार मीटर, दहा हजार मीटर आणि मॅरेथॉन या तिन्ही शर्यती जिंकणारा एमिल झाटोपेक हा कष्टाचा पुतळा म्हणून सांगितला जातो, आणि तो होताही. परंतु त्याच्या प्रसिद्ध सरावातसुद्धा चारशे मीटरच्या प्रत्येक वेगवान धावेनंतर दोनशे मीटर हळू धावणे ठरलेले असे. पुतळ्याकडे पाहणाऱ्यांना धाव दिसते, मधला अवधी दिसत नाही.

फुटबॉलच्या बाबतीत तर प्रश्न अधिक बिकट आहे. नव्वद मिनिटांच्या सामन्यात वरच्या दर्जाचा खेळाडू सुमारे दहा ते तेरा किलोमीटर अंतर कापतो. पण ते एका चालीने नव्हे. चालणे, हळू धावणे, एकाएकी झेपावणे, थांबणे, वळणे, उडी मारणे आणि धडकणे यांची ती सरमिसळ असते. झपाट्याने थांबताना आणि वळताना स्नायू ताणला जात असतानाच आकुंचन पावतो आणि त्याच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाय दुखतात ते यामुळे. शिवाय स्नायूंत साठवलेली ग्लायकोजेन ही शर्करा सामन्यात मोठ्या प्रमाणात खर्ची पडते. स्वीडनच्या सॉल्टिन यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणात, ज्या खेळाडूंच्या स्नायूंत सामन्याच्या आरंभी हा साठा कमी होता, ते एकंदर कमी अंतर कापतात आणि त्यातील पुष्कळसे चालत कापतात असे आढळले. हा साठा भरून यावयास आणि स्नायूंची शक्ती पूर्ववत व्हावयास साधारणतः दोन ते तीन दिवस लागतात.

मग आठवड्यात दोन सामने खेळले तर काय होते? दुपाँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या, एका उच्च दर्जाच्या युरोपीय संघावरील अभ्यासाचे उत्तर चिंतनीय आहे. आठवड्यात एकऐवजी दोन सामने खेळल्याने कापलेल्या अंतरात किंवा वेगात लक्षणीय फरक पडला नाही. परंतु दुखापतींचे प्रमाण खेळाच्या दर हजार तासांमागे ४.१ वरून २५.६ वर गेले. म्हणजे खेळ वरकरणी तसाच चालू राहिला आणि देह आतून मोडत गेला. ‘पोरगा अजून धावतो आहे, म्हणजे त्याला काही झालेले नाही’ या मैदानावरील नित्याच्या युक्तिवादाला याहून समर्पक उत्तर नाही. धावणे हा शाबूत असल्याचा पुरावा नव्हे.

५

या ज्ञानाच्या उजेडात अभंगातील दृष्टान्तांकडे पुन्हा पाहिले असता एक शब्द नव्याने लक्ष वेधून घेतो. खडक भेदणारे मूळ ‘ओले’ आहे. सुके मूळ कितीही टोकदार असले तरी खडकात शिरत नाही, ते मोडते. ओल हे त्याचे पोषण. ती थांबली की वाढ थांबते, आणि वाढ थांबली की भेदही थांबतो. मुळाचे बळ आघातात नाही, वाढीत आहे. तुकोबांनी येथे विश्रांतीचा उल्लेख केलेला नाही, आणि तो त्यांच्या तोंडी घालणे अप्रामाणिकपणाचे होईल. परंतु कठीण कार्य जिवंत आणि पोसलेल्या वस्तूकडूनच होते, एवढे त्या विशेषणाने निश्चित सांगितले आहे. अपुऱ्या जेवणावर आणि पाच तासांच्या झोपेवर धावणारा मुलगा हे सुके मूळ होय.

परंतु सर्वच दृष्टान्त असे साथ देत नाहीत. दोर आणि चिरा यांचा दृष्टान्त शरीराला लावताना थबकावे लागते. दोराच्या घर्षणाने चिरा कापला जातो. पण यात खेळाडूचा देह कोणता, दोर की चिरा? साधनेचा विचार करता साधक हा दोर आणि अडचण हा चिरा. शरीराचा विचार करता मात्र सराव हा दोर आणि हाड हा चिरा होऊन बसतो. आणि मग दृष्टान्त अभ्यासाचे नव्हे तर दुखापतीचे वर्णन करू लागतो. एकाच जागी, एकाच दिशेने, पुनःपुन्हा पडणाऱ्या भाराने नडगीच्या हाडाला बारीक भेग पडते ती याच रीतीने. वाढीच्या वयातील मुलांना गुडघ्याखाली, जेथे मांडीच्या स्नायूचा कंडरा नडगीच्या कोवळ्या हाडाला जोडलेला असतो तेथे, वेदना व सूज येते. ऑस्गुड आणि श्लाटर यांनी १९०३ मध्ये स्वतंत्रपणे वर्णिलेला हा विकार धावण्या-उड्या मारण्याच्या खेळांत आजही नित्य आढळतो. भार कमी केला तर तो बहुधा वयाबरोबर ओसरतो. परंतु ‘सहन कर’ असे सांगून खेळणे तसेच चालू ठेवले तर महिनोन्महिने छळतो. दगडाला पडलेली खाच भरून येत नाही. हाडाला पडलेली भेग भरून येते, पण त्यासाठी दोर थांबवावा लागतो. निर्जीव आणि सजीव यांतील हा भेद दृष्टान्त सांगत नाही; तो शिक्षकानेच ध्यानात ठेवावयाचा असतो.

गाथेतील पाइकाचे अभंगही या संदर्भात विचारात घ्यावयास हवेत. त्यांत गोळ्या-बाणांचा वर्षाव सोसणाऱ्या, स्वामीच्या कार्यासाठी जिवाची पर्वा न करणाऱ्या शिपायाचे चित्र आहे. आजच्या क्रीडाभाषेत हेच चित्र अभ्यासाच्या चित्रावर नकळत चढविले जाते : सामना म्हणजे रण, वेदना म्हणजे परीक्षा, माघार म्हणजे कलंक. परंतु पाईक आणि अभ्यासी या दोन भिन्न भूमिका आहेत. पाइकाला एका प्रसंगात सर्वस्व द्यावयाचे असते. अभ्यासीला अनेक वर्षांत थोडे थोडे कमवावयाचे असते. अंतिम सामन्याच्या शेवटच्या दहा मिनिटांत खेळाडू पाईक झाला तर ते शोभून दिसते. जूनच्या एका मंगळवारी सरावात त्याला पाईक करणे म्हणजे रण नसताना शिपाई खर्ची घालणे होय.

६

विश्रांतीची कल्पना देहूला नवी नाही. तुकोबांचे पुत्र नारायणमहाराज यांनी १६८५ मध्ये सुरू केलेला पालखी सोहळा दरवर्षी ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूहून निघतो आणि सुमारे अडीचशे किलोमीटर चालून आषाढीस पंढरपुरी पोहोचतो. त्यात म्हातारेकोतारे असतात, अनवाणी चालणारे असतात, डोक्यावर तुळस घेतलेल्या स्त्रिया असतात. इतक्या भिन्न बळाचा समुदाय पंढरपुरापर्यंत पोहोचतो याचे श्रेय भक्तीला आहेच. पण ते मुक्कामांच्या रचनेलाही आहे. रोजची मजल ठरलेली, मध्ये विसाव्याच्या जागा ठरलेल्या, जेवण ठरलेले, आणि पुण्यात दोन रात्रींचा मुक्काम. ‘विसावा’ हा शब्द वारीच्या कोशात आळसाचा नव्हे तर वाटेचा वाचक आहे. विसावा हे वाटेवरचे एक स्थळच असते. वारी ही स्पर्धा नव्हे, त्यामुळे तिच्यावरून सरावाचे वेळापत्रक काढता येणार नाही. परंतु लांब पल्ला गाठावयाचा असेल तर थांबणे हे चालण्याचेच अंग मानावे, हा धडा तिच्यात उघड आहे.

महाराष्ट्रातील फुटबॉलचा इतिहासही याच प्रश्नाशी येऊन भिडतो. कोल्हापुरात पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ अशी तालमींची नावे धारण करणारे संघ शाहू स्टेडियमवर खेळतात. कुस्तीच्या आखाड्यातून निघालेली ईर्ष्या आणि पेठेचा अभिमान चेंडूच्या खेळात उतरल्याचे ते बोलके उदाहरण आहे. त्याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव पुण्यातील बालेवाडीच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला आणि २०१७ मध्ये भारतात भरलेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. त्या स्पर्धेत भारतीय मुलांनी ६, ९ आणि १२ ऑक्टोबर रोजी दिल्लीत अमेरिका, कोलंबिया आणि घाना यांच्याशी सामने दिले. सात दिवसांत तीन सामने. दोहोंमध्ये केवळ तीन दिवस. अशा स्पर्धेत सामन्यानंतरचे अठ्ठेचाळीस तास खेळाडू काय खातो, किती झोपतो आणि किती धावणे टाळतो, हा प्रश्न डावपेचांइतकाच महत्त्वाचा ठरतो. देहूरोडजवळील मामुर्डी येथेही पुणे एफ. सी. या २००७ मध्ये स्थापन झालेल्या क्लबची निवासी अकादमी काही वर्षे चालली. आज तो क्लब उरलेला नाही. निवासी संस्थेचा खरा लाभ मैदानाचा नसतो. मुलाच्या ताटावर आणि झोपेवर तेथे देखरेख ठेवता येते, हा तिचा लाभ असतो. जेथे अशी संस्था नाही तेथे ती जबाबदारी आईबापांवर आणि शाळेतील शिक्षकावर येते, आणि त्यांच्या हाती मार्गदर्शनासाठी बहुधा भिंतीवरचा तो एक चरणच असतो.

औद्योगिक पट्ट्यातील तरुणाचा प्रश्न आणखी वेगळा आहे. पाळ्यांनी काम करणारा कामगार रविवारी फुटबॉल खेळतो तेव्हा आदल्या रात्रीची पाळी त्याच्या पायांत असते. कारखान्यात यंत्र ठरावीक तासांनंतर थांबवून त्याची देखभाल करतात. ते न केल्यास यंत्र बंद पडेल आणि तोटा होईल हे तेथे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. ज्या गावांत हे सत्य लोखंडाच्या बाबतीत सर्वमान्य आहे, तेथे मांसाच्या बाबतीत ते अजून वादाचा विषय असावे, ही विसंगती लक्षणीय आहे.

७

येथे दुसऱ्या टोकाचाही परामर्श घेणे न्यायाचे होईल. विश्रांतीचे महत्त्व कळल्यावर तिचाही बाजार भरला आहे. बर्फाच्या पाण्याचे टब, दाब देणारे मोजे, थरथरणारी मालीश-यंत्रे, नाना रंगांची पेये यांचा पुरस्कार हल्ली शास्त्राच्या नावाने होतो. यांपैकी काहींनी वेदना कमी होतात हे खरे. परंतु वेदना कमी होणे आणि शरीर सुधारणे या दोन गोष्टी एक नव्हेत. रॉबर्ट्‌स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या बारा आठवड्यांच्या प्रयोगात, बलवर्धक व्यायामानंतर नियमाने थंड पाण्यात बसणाऱ्यांच्या स्नायूंची व बळाची वाढ, हलक्या हालचालीने थकवा घालविणाऱ्यांपेक्षा कमी झाली. आघाताला शरीर जे उत्तर देते त्यातच वाढीचे बीज असते. ते उत्तरच दाबून टाकले तर वाढही दबते. तीन दिवसांवर दुसरा सामना असता थंड पाण्याचा आश्रय घेणे समजण्याजोगे आहे. तयारीच्या महिन्यांत रोज तसे करणे म्हणजे बचनागाची मात्रा घेऊन लगेच उतारा घेण्यासारखे होय. विषही अंगी लागत नाही आणि अभ्यासही होत नाही.

म्हणून ‘सायास’ या शब्दाला येथे रजा द्यावयाची नाही. सायासावाचून अभ्यास नाही. भार वाहिल्यावाचून शरीराला बदलण्याचे कारणच उरत नाही. वाद सायासाच्या आवश्यकतेविषयी नसून त्याच्या मात्रेविषयी आणि क्रमाविषयी आहे. आणि विसाव्याची जी साधने निर्विवाद आहेत ती अगदी साधी आहेत : पुरेशी झोप, सामन्यानंतर लवकर घेतलेले भात-भाकरी-डाळीचे पोटभर जेवण, पाणी, सामन्याच्या दुसऱ्या दिवशी हलके चालणे किंवा मुळीच न खेळणे, आणि आठवड्यात एक तरी दिवस चेंडूला न शिवणे. सरावापूर्वी अंग तापविण्याच्या पद्धतशीर कार्यक्रमाचाही येथे उल्लेख करावयास हवा. नॉर्वेतील किशोरवयीन मुलींवरील प्रयोगात, जो २००८ मध्ये प्रसिद्ध झाला, धावणे, तोल सांभाळणे आणि स्नायू बळकट करणे यांच्या वीस मिनिटांच्या कार्यक्रमाने दुखापतींचे प्रमाण सुमारे एकतृतीयांशाने घटले. त्याला ना यंत्र लागते, ना पैसा. लागतो तो नित्यपणा, म्हणजेच अभ्यास.

८

या विवेचनाचा निष्कर्ष असा. भिंतीवरील चरणाचा रूढ अर्थ तुकोबांच्या अभंगाला धरून नाही. अभंगातील अभ्यास हा मात्रेने चढणारा, काळ घेणारा आणि जिवंत वस्तूच्या वाढीवर विसंबणारा व्यापार आहे. आधी साधणे आणि मग धाडस हा त्याचा क्रम आहे. आधुनिक सरावशास्त्राशी त्याचा या मर्यादेत उत्तम मेळ बसतो. जेथे तो बसत नाही, म्हणजे दोर आणि चिऱ्याच्या दृष्टान्तात, तेथे वचन सोडून शरीराचे ऐकणे हेच शहाणपणाचे आहे. संताचा दृष्टान्त हाडाला बंधनकारक नाही. झीज भरून येण्यासाठी लागणारा विसावा या दोन अभंगांत स्पष्ट सांगितलेला नाही, पण ज्या गावी ते रचले गेले त्या गावाच्या वाटेवर तो शतकानुशतके पाळला गेला आहे.

क्रीडाशिक्षकाने या वचनाचा त्याग करावा असे म्हणण्याचे कारण नाही. त्याने ते पूर्ण वाचावे, आणि वाचताना शेवटच्या चरणाआधी येणाऱ्या बचनागापाशी क्षणभर थांबावे. गुडघा धरून बाजूला बसलेल्या मुलाला ‘ऊठ, अभ्यास कर’ असे म्हणण्यापूर्वी त्याने एवढेच स्वतःला विचारावे की, या मुलाला आज दिलेली मात्रा त्याने आधी साधलेल्या मात्रेहून किती अधिक आहे, आणि ती पचविण्यासाठी त्याला किती रात्री दिल्या आहेत. या प्रश्नाचे उत्तर देता येत नसेल, तर जे चालले आहे त्याला सायास म्हणता येईल. अभ्यास म्हणता येणार नाही.